हत्ती पाण्यातच होता

त्या वर्षी आमच्या गावात हत्ती दीड महिना पाण्यात उभा राहिला, आणि त्याला बाहेर काढा असं बाबांना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

हत्ती पोथीतला. आमच्याकडे धानाची रोवणी आटोपली की श्रावणात देवळाच्या मंडपात पोथी लागते आणि कार्तिकात समाप्ती होते. रोज संध्याकाळी एक अध्याय. आधी वाचन, मग वाचणाऱ्यानंच अर्थ सांगायचा. अध्याय गाळायचा नाही, क्रम मोडायचा नाही आणि लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही, एवढे तीन नियम. वाचणारे माझे बाबा. शेती सांभाळून त्यांनी चाळीसेक वर्षं हे काम केलं. त्यांच्या आधी माझे आजोबा करत.

तर त्या वर्षी पोथी हत्तीच्या अध्यायापर्यंत आली आणि तिथंच थांबली. कथा साधी आहे. हत्तींचा राजा उन्हानं तापून आपल्या कळपासकट सरोवरात उतरतो, पोटभर पाणी पितो, पिल्लांच्या अंगावर सोंडेनं उडवतो, आणि मगर त्याचा पाय धरते. तो काठाकडे ओढतो, ती आत ओढते. कळपातले हत्ती जोर लावून पाहतात. काही केल्या पाय सुटत नाही. वर्षांमागून वर्षं जातात. हत्तीचं बळ उतरत जातं, आणि मगर पाण्यातलीच, तिचं वाढत जातं. शेवटी तो सगळीकडे बघतो, आपलं कुणी कामाला येत नाही हे त्याला कळतं, आणि आता हाक मारावी असं त्याच्या मनात येतं. अध्याय इथं संपतो. हाक आणि सुटका पुढच्या अध्यायात.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोथी उघडली, नमन केलं आणि पुन्हा हाच अध्याय वाचला. तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशीही हत्ती नव्यानं पाण्यात उतरला.

मी तेव्हा बाबांकडेच राहत होते. राहत होते म्हणजे पडून होते, हे खरं. माझे पती नागपूरला आमच्या फ्लॅटमध्ये एका सकाळी गेले. मी शाळेत शिकवायला गेले होते, शेजाऱ्यांचा फोन आला, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस झाले, पाहुणे पांगले. मी दाराला कुलूप लावलं आणि चार दिवस बाबांकडे जाऊन येते म्हणून इकडे आले. त्याला दोन वर्षं होत आली होती. शाळेनं वाट पाहून दुसरी बाई घेतली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, पण ते कुलूप उघडायचा विचारसुद्धा मी टाळायची. लोक विचारत, तेव्हा मी सांगायची, बाबांचं वय झालंय, त्यांना एकटं कसं सोडू. लोक मान डोलवत. मुलगी असावी तर अशी, म्हणत. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि नंतर स्वतःचा राग यायचा.

राग मला पोथीचाही होता. नवरा गेल्यावर जो भेटेल तो मला अध्यात्म पाजत होता. आत्मा मरत नाही, शरीर म्हणजे कपडे, जे होतं ते चांगल्यासाठीच. मोबाईलवर रोज सकाळी कुणीतरी कमळाच्या चित्रावर चार ओळी पाठवायचं. मी एकदा एका नातेवाईक बाईंना फोनवर सरळ विचारलं, की तुमच्या घरातला माणूस गेला तर मीही हेच चित्र पाठवू का? त्यानंतर चित्रं बंद झाली आणि नातंही जरा पातळ झालं. मंडपात मी जायची ती फक्त बाबांना हाताला धरून न्यायला. गुडघे दुखतात म्हणून ते भिंतीला हात लावून चालतात, असं मला वाटायचं.

तोच अध्याय पुन्हा पुन्हा यायला लागला तेव्हा मी घाबरले. म्हातारपणी माणसं विसरतात, तसं यांचं सुरू झालं, असं वाटलं. मी त्यांना आडून आडून तपासायला लागले. कोणत्या बांधीत, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यात, कोणतं धान टाकलंय? सगळं अचूक सांगायचे. आईच्या माहेरची माणसं, तलावाच्या पाण्याच्या पाळ्या, कुणाचं लग्न कोणत्या दुष्काळात झालं, सगळं तोंडपाठ. मग पोथीच तेवढी कशी विसरतात?

ऐकणारे मात्र कमालीचे शहाणे. कुणी चकार शब्द काढला नाही. रोज येत, हात जोडत, हत्तीला पाण्यात सोडून घरी जात. बाबाजींना कसं सांगायचं, हा एकच विचार. त्यातला एक शेतकरी मला बाहेर गाठून म्हणाला, "ताई, राहू द्या हत्तीले पान्यातच. मागच्या साली जंगलातून कळप आला तं माहा सारा धान तुडवून गेला. मी तं मगरीच्या बाजूनं हावो." मी बऱ्याच महिन्यांनी हसले असेन.

जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, एक गोंड म्हातारी येई. तिचे देव वेगळे, झाडाखालचे, त्यांना पोथी लागत नाही. पण कथा कोणाचीही असो, ऐकाले काय जाते, असं म्हणून ती खांबाला टेकून बसायची. तिला हे मौन फार दिवस झेपलं नाही. एका संध्याकाळी आरतीनंतर ती मोठ्यानं म्हणाली, "बाबाजी, त्या हत्तीचा काय करून राहिले तुमी? पाय सडला असन त्याचा."

मंडपात सगळे खाली बघायला लागले. बाबा म्हणाले, "त्यानं अजून हाक मारली नाही ना, बाई."

एक मात्र खरं. अध्याय तोच असला तरी अर्थ रोज वेगळा असायचा. पहिल्या दिवसांत बाबा नेहमीचं सांगत होते. हत्तीला बळाचा गर्व झाला, म्हणून असं झालं. मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण रोज त्याच पाण्यात उतरायचं म्हटल्यावर गर्वाचा अर्थ किती दिवस पुरणार? मग ते कळपाबद्दल बोलायला लागले. कळप वाईट नव्हता, म्हणाले. त्यानं जोर लावला. पण दुसऱ्याच्या पायाला धरलेली मगर आपल्याला दिसत नाही, आपण फक्त ओढतो, आणि ओढलं की त्याचा पाय जास्तच दुखतो. मला ती कमळाची चित्रं आठवली. मी पदराआड तोंड लपवलं.

एकदा त्यांनी सांगितलं की हत्तीनं सगळी वर्षं एकच काम केलं. पाय सोडवायचं. तहान होती, ती भागवून झाली होती. पिल्लं होती, ती निघून गेली. पाणी, झाडं, वारा, सगळं होतं तसंच होतं, पण त्याला फक्त पाय दिसत होता. "दुखन्याचा असाच असते," ते म्हणाले. "मानूस दुखनं सांभारत बसते, अन् त्याले वाटते का आपुन लढून राहिलो." सांभारत म्हणजे सांभाळत. ते माझ्याकडे बघत नव्हते. तरी मी उठून बाहेर गेले आणि तलावाच्या पाळीवर, बांधावर, बराच वेळ बसून राहिले. बाबांचा राग आला होता. कारण ते माझं वर्णन होतं आणि ते चार लोकांत झालं होतं. ते बाबांचं स्वतःचंही वर्णन होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं लाइट गेली तेव्हा.

भादव्यातली संध्याकाळ होती, बाहेर पाऊस, ढगांनी आधीच काळोख. मगरीनं पाय धरला, इथपर्यंत वाचन आलं आणि मंडपातली ट्यूबलाइट गेली. समईसुद्धा वाऱ्यानं मघाशीच विझली होती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आणि त्या अंधारात बाबांचा आवाज तसाच पुढे चालू राहिला. एक ओवी, दुसरी, तिसरी. न अडखळता, नेहमीच्या चालीत. मग पान उलटल्याचा आवाज आला.

त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला. आजूबाजूला खिशांत हात गेल्याची सळसळ झाली, मोबाईल निघाले असतील, पण बॅटरी कुणीही लावली नाही. कुणी हललं नाही. अध्याय संपायच्या जरा आधी लाइट आली, तेव्हा बाबांचं बोट पानावरून शांतपणे सरकत होतं आणि मंडपातली सगळी माणसं एकमेकांची नजर चुकवत होती.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांसमोर चहा ठेवला. त्यांचा हात कपाच्या बाजूला चाचपडला, मग कप सापडला. हे मी रोज बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, काल वाचताना लाइट गेली होती," मी म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "कधी?"

"मगरीनं पाय धरला तेव्हा."

 माझे बाबा उंचेपुरे, त्या दिवशी पाटावर बसलेले एकदम लहान दिसले. त्यांनी विचारलं, "सारे होते?"

"सारे होते."

गोंदियाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायला ते तयार होईनात. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, असं म्हणत राहिले. मी भांडले, रडले, शेवटी म्हटलं की तुम्ही येत नसाल तर मी मंडपात जाऊन सगळ्यांना सांगते. तेव्हा निघाले. पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ बसवलं, पण ते बाहेर बघत नव्हते. धान हिरवंगार लवत होतं आणि ते समोरच्या लाकडी बाकाकडे तोंड करून बसले होते.

डॉक्टर तरुण होते, शहरातल्या पद्धतीनं अर्धं हिंदीत बोलणारे. पुष्कळ वेळ तपासलं. काचबिंदू निघाला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, माणसाला पत्ता लागत नाही. बाबांनी विचारलं, "आपरेशन केला तं पयल्यासारखा दिसन?"

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबूजी, जो गया वो वापस नहीं आता. जो बचा है, उसको बचाना है. ड्रॉप रोज डालना पडेगा, जिंदगीभर."

बाबांनी मान हलवली.  आत्मा अमर आहे, असं सांगणाऱ्या कुणीही दोन वर्षांत मला एवढं साधं सांगितलं नव्हतं. गेलं ते गेलं. ते परत येत नाही. आणि काही तरी उरलंय.

परतीच्या गाडीत ते आपणहून बोलले. मागच्या वर्षीपासूनच अक्षरं तुटायला लागली होती. या वर्षी सुरुवातीचे अध्याय त्यांनी कसेबसे ओढले, दिवसा उन्हात बसून आधी वाचून ठेवायचे, संध्याकाळी निम्मं आठवणीनं म्हणायचे. मग तेही जमेना. पूर्ण पाठ असा एकच अध्याय होता, हत्तीचा. आजोबा तलावाच्या पाण्याची राखण करायला पाळीवर बसायचे, सोबतीला छोट्या बाबांना न्यायचे आणि त्यांना झोप लागू नये म्हणून हाच अध्याय म्हणवून घ्यायचे. तो तेवढा हाडात मुरला होता. लावलेली पोथी सोडता येत नाही आणि पुढे वाचता येत नाही, म्हणून ते रोज तिथंच थांबले.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तू आधीच दुःखात. तुले अजून कायले?" ते म्हणाले. "अन् तू तरी कुठं सांगून राहिली? रोज इचारतो, बरी हायेस का. रोज म्हनते, बरी हावो."

गाडीत खूप गर्दी होती. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर रडले. समोर बसलेल्या बाईनं काही न विचारता आपल्या पोराला जरा सरकवून घेतलं.

त्याच संध्याकाळी बाबा मंडपात गेले. पोथीच्या आसनावर बसले नाहीत. खाली, माणसांत बसले आणि म्हणाले, "मले दिसत नाही. म्हून रोज तोच अध्याय होऊन राहिला होता. पुढचा मले वाचता येत नाही. कोनी तरी वाचा."

 हत्तींनी धान तुडवलेला तो शेतकरी हळूच म्हणाला, "आमाले मालूम होता, बाबाजी. त्या दिवशी लाइट गेली तवापासून."

बाबांचा आवाज चढला. "मालूम होता तं सांगितलं काऊन नाही?"

"तुमी काऊन नाही सांगितलं?" गोंड म्हातारी खांबापासून बोलली.

 बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बस. वाच."

मी आसनावर बसले. विधवेनं पोथी वाचावी का, असं कुणी कुजबुजलं असेल तर मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं असतं तर मी त्याला उत्तर दिलं असतं. वाचायला मी शाळेत मुलांना वाचून दाखवायची तशी सुरुवात केली, सपाट. चाल जमत नव्हती. जोडाक्षरांवर ठेचकाळत होते. पण हत्तीनं हाक मारली. सोंडेत एक कमळ धरून, मोठ्या कष्टानं वर करून मारली. आणि ज्याला मारली तो आला.

पुढच्या ओवीवर मी थांबले. ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली, कॅलेंडरवर पाहिलेली. माझ्या डोक्यात होतं की देव येतो, मगरीला मारतो आणि हत्ती सुटून बाहेर येतो. पोथीत तसं नव्हतं. देवानं हत्तीला सरोवरातून ओढून बाहेर काढलं ते मगरीसकट. पाय अजून तिच्या जबड्यात होता. काठावर आल्यानंतर मग पुढचं.

"काऊन थांबली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मगर अजून पायालेच हाय."

"असनच," बाबा म्हणाले. "पान्यात राहून कोनाची सुटली? आधी भाईर याचं. पायाले हाय तं हाय. तशीच घेऊन याचं."

अर्थ सांगायचं काम त्या दिवशी खरं तर माझं होतं. मी काही सांगितलं नाही. उरलेला अध्याय वाचून संपवला आणि पोथी फडक्यात बांधली. मी दोन वर्षं वाट पाहत होते ती मगर सुटायची. दुःख जरा कमी होऊ दे, मग जाईन, मग उघडीन, मग बघीन. ते कमी होणार कुठे होतं? मी पाण्यात बसले होते आणि पाणी मगरीचं होतं.

आठवडाभर मी वाचलं. मग दोन दिवस वाचायला गावातल्या एका शिकलेल्या सुनेला बसवलं आणि नागपूरला निघाले. एकटीच जाणार होते. बाबा डोळ्यांच्या थेंबांची बाटली खिशात घालून दारात उभे होते. "मीबी येतो," म्हणाले. तुम्ही येऊन काय करणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मी त्यांचा हात धरून नेलं की त्यांनी माझा, सांगता येणार नाही. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरायला वेळ लागला. दार उघडलं आणि बंद घराचा वास आला. मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. परत फिरायला एक पाऊल पुरलं असतं.

"काय दिसते?" बाबांनी विचारलं.

मी डोळे उघडले नाहीत.

"बाई, मले दिसत नाही. तूच सांग. काय दिसते?"

मग मला डोळे उघडावे लागले. धूळ आहे, मी म्हटलं. सगळ्यावर धूळ आहे. समोर खुर्ची आहे, तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल आहे. वाळून कडक झाला असेल. टेबलावर चष्मा आहे, उघडाच ठेवलाय. पेपर आहे. त्या दिवशीचाच आहे, बाबा. मी थांबले नाही, कारण बाबा माझ्या दंडाला धरून तोंड आतल्या अंधाराकडे करून ऐकत होते.

"आनखी?" ते म्हणाले.

मी आत पाऊल टाकलं आणि पुढचं सांगायला लागले.